गाडीत पेट्रोलचा वास येतोय? आधी वही काढा, मग गॅरेज गाठा

आमच्या गाडीतला वास पहिल्यांदा आईला आला. कोल्हापूरहून जोतिबाला निघालो होतो. केर्ली मागे पडली, चढ सुरू झाला आणि मागच्या सीटवरून ती म्हणाली, "अरे, घासलेटासारखं काहीतरी वास मारतंय." मी पुढे, काचा बंद, एसी चालू. मला काहीच जाणवत नव्हतं. निघताना टाकी फुल केली होती, तेव्हा पंपावर थोडं सांडलं असेल असं म्हणून मी विषय सोडून दिला.

पुढे तीन आठवडे गेले. एका गॅरेजमध्ये इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या तोट्या) साफ करून झाले, दुसरीकडे एसीचा फिल्टर बदलून झाला. साडेपाच हजार रुपये गेले आणि वास होता तिथेच राहिला. शेवटी शिवाजी उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी बॉनेटला हातही लावला नाही. आधी गाडीखाली वाकून सगळं कोरडं आहे ना ते पाहिलं आणि मग एकच विचारलं, "वास कवा येतोय? टाकी भरल्यावर, का गाडी तापल्यावर? फुडं येतोय का मागं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. "मग आठ दिवस लिवून काढा. टाकी फुल करू नका, लांब जाऊ नका, गाडी उघड्यावर लावा. आन् वही घिऊनच या."

ती वही घेऊन गेल्यावर त्यांनी पाच मिनिटांत मागची सीट उचलली आणि दोष दाखवला. त्या आठ दिवसांत आणि नंतर मिस्त्रींच्या शेजारी उभं राहून जे शिकलो, ते इथे क्रमाने लिहितोय. नवीन गाडी घेतलेल्यांना आणि जुनी गाडी नव्याने हाती आलेल्यांना ते जास्त उपयोगी पडेल.

१. सगळ्यात आधी: गाडी चालू करायची की नाही?

ही पायरी कोणीही गाळू नका. पेट्रोल इतकं उडणारं आहे की उणे ४० अंश सेल्सिअसच्या थंडीतसुद्धा ते पेट घेण्याजोगी वाफ सोडतं. कोल्हापूरच्या उन्हाळ्यात काय होत असेल याचा विचार करा. हवेत साधारण दीड टक्का वाफ मिसळली तरी एक ठिणगी पुरते. आणि ही वाफ हवेच्या तिप्पट-चौपट जड असते. ती वर उडून जात नाही, खाली बसते. गाडीखाली, बंद गाळ्यात, अपार्टमेंटच्या तळपार्किंगमध्ये ती साचून राहते.

म्हणून आधी तीनपैकी आपली गत कोणती ते ठरवा.

गाडीखाली थेंब पडताना दिसतोय, किंवा टाकी, पाईप, इंजिन यांपैकी काहीही पेट्रोलने ओलं आहे: स्टार्टर मारू नका. गाडी ढकलून उघड्यावर आणा आणि टोइंगची गाडी बोलवा. "एवढं कोपऱ्यावरच तर गॅरेज आहे" हा विचार मनात आला तरी नको.

चालत्या गाडीत अचानक जोरात वास आला: बाजूला घ्या, इग्निशन बंद करा, सगळ्यांना खाली उतरवा आणि गाडीपासून लांब उभे राहा. धूर दिसत असेल तर बॉनेट उघडू नका, कारण उघडल्याबरोबर आत हवा जाते आणि भडका उडतो. १०१ किंवा ११२ ला फोन करा. पाणी ओतू नका. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे ते पाण्यावर तरंगत, जळत पुढे सरकतं.

वास मंद आहे, मधूनमधून येतो आणि खाली सगळं कोरडं आहे: पुढच्या पायऱ्या तुमच्यासाठी आहेत. पण तोवर गाडी बंद गाळ्यात लावू नका. देवघराच्या खिडकीखाली किंवा गीझरच्या सिलेंडरजवळ तर नाहीच. गाडीत लहान मूल बसत असेल तर काचा खाली ठेवा. पेट्रोलमध्ये बेंझिन असतं. भारत स्टेज सहाच्या निकषांत त्याला १ टक्क्याची मर्यादा घातलेली आहे ती उगीच नाही. डोकं दुखणं, मळमळणं हे वाफेचेच परिणाम आहेत.

२. काय काय जवळ ठेवायचं

सामान फार लागत नाही:

- एलईडी टॉर्च. गाडीपासून लांब असतानाच चालू करा, गाडीखाली वाकून बटण दाबू नका. वायरला लटकवायचा साधा बल्ब अजिबात नको, तो फुटला की ठिणगी पडते.
- पांढरा पुठ्ठा किंवा जुन्या कॅलेंडरची कोरी बाजू, चार-पाच तुकडे.
- टिशू पेपर आणि नायट्राइलचे हातमोजे.
- एबीसी पावडरचं छोटं अग्निशामक. एक-दोन किलोचं गाडीत कायमच असावं. वरचा काटा हिरव्यात आहे ना ते पाहा.
- वही आणि पेन. मोबाईलमध्ये लिहिलं तरी चालेल, पण गॅरेजमध्ये वही पुढे ठेवली की समोरचा माणूस ती खरंच वाचतो.

कागदपत्रं: आरसी, विमा पॉलिसी (रस्त्यावरची मदत किंवा टोइंग त्यात धरलंय का ते आधीच बघून ठेवा), मागच्या सर्व्हिसची बिलं, वॉरंटी असेल तर तिचं पुस्तक. आरसीवरचा सतरा अक्षरांचा चेसिस नंबर वेगळा लिहून घ्या, तो आठव्या पायरीत लागेल.

३. वास नेमका कधी येतो ते आठ दिवस लिहा

माझ्या मते सगळ्या निदानाचा गाभा हाच आहे. "वास येतो" एवढंच घेऊन गॅरेजमध्ये गेलात तर समोरचा माणूस त्याला जे सोपं पडतं ते आधी करतो. त्यात त्याचा फारसा दोषही नसतो, कारण गाडी गॅरेजमध्ये पोचते तेव्हा वास गेलेला असतो.

रोज एवढंच टिपा: टाकीत किती पेट्रोल होतं, गाडी थंड की तापलेली, काचा आणि एसी कसे होते, वास पुढे की मागे, आत की बाहेर, चढ होता की सपाट, पाऊस होता का. एसीचं बटण बाहेरच्या हवेवर होतं की आतल्या, हेही लिहा. बाहेरची हवा बॉनेटच्या मागच्या जाळीतून आत येते. त्या स्थितीत वास येतो आणि बटण फिरवल्यावर थांबतो, म्हणजे तो बहुधा इंजिनच्या बाजूचा असतो.

मग वही अशी वाचायची:

टाकी भरल्यावर वास येतो, पाऊण टाकी झाली की जातो: दोष टाकीच्या वरच्या भागात. टाकीच्या आत बसवलेल्या पंपाचं सील, वाफेच्या नळ्या, किंवा पेट्रोल भरायच्या नळीचा वरचा जोड. आमची गाडी यातली.

सकाळी पहिल्या स्टार्टला वास येतो आणि दहा मिनिटांत जातो: इंजिनवरचे इंजेक्टर आणि त्यांच्या ओ-रिंग, म्हणजे रबरी कड्या. थंडीत कडक झालेलं रबर आकसतं, तापल्यावर फुगून जागेवर बसतं. थंड इंजिन मुळातच थोडं जास्त पेट्रोल घेतं, त्यामुळे सायलेन्सरजवळ क्षणभर आलेल्या वासाला फार महत्त्व देऊ नका.

तापलेली गाडी बंद करून उभी केली की दहा-पंधरा मिनिटांनी वास येतो: इंजिनची धग खालून वर येते, बारीक पाझर असेल तर तो तेव्हा वाफ होऊन नाकापर्यंत पोचतो. बॉनेटखालची नळी किंवा कॅनिस्टर (टाकीतली वाफ शोषणारा कोळशाचा डबा).

फक्त चालताना, मागची काच उघडी असताना: सायलेन्सरचा धूर मागून आत ओढला जातोय. डिकीचं रबर तपासा.

पन्हाळा चढताना किंवा गगनबावड्याच्या वळणांवर: टाकीतलं पेट्रोल हेलकावे खाऊन वरच्या जोडापर्यंत पोचतंय. पहिल्या प्रकाराचाच भाऊ.

माझ्या वहीत आठ दिवसांत सहा नोंदी वास नसल्याच्या होत्या. दोन नोंदी वास आल्याच्या, आणि त्या दोन्ही टाकी जवळजवळ भरलेली असतानाच्या. मिस्त्रींनी टाकी फुल करू नका म्हणून बजावलं होतं, पण एकदा भाऊ गाडी घेऊन गेला आणि त्याने भरून आणली. त्याच दोन दिवसांत वास आला. वास न आलेल्या दिवसांनीच खरी साक्ष दिली, म्हणून तेही लिहायचे.

४. आधी साध्या गोष्टी बाद करा

पायपोस बाहेर काढा, वास घ्या. पंपावर सांडलेल्या पेट्रोलवर पाय पडला की तो वास गाडीत दोन दिवस राहतो. डिकी पूर्ण रिकामी करा. आपल्याकडे शेतावर फवारणीचा पंप आणि गवत कापायचं मशीन पेट्रोलवर चालतं, कॅन डिकीतून जातो, आणि त्याचं झाकण थोडं सैल असतं. कॅन काढला तरी डिकीतला गालिचा वास धरून ठेवतो. तो काढून दिवसभर उन्हात टाका. थिनर, रंगाचा डबा, भिंत पुसायचं रसायन यांचाही वास पुष्कळांना पेट्रोलसारखाच वाटतो.

सीएनजीची गाडी असेल तर एक फरक ओळखायला शिका. सीएनजीला मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात उग्र, कुजकट वासाचं रसायन मिसळतात. तसा वास आला तर सिलेंडरचा व्हॉल्व्ह बंद करा आणि अधिकृत सीएनजी केंद्राशिवाय दुसऱ्या कुणाचा हात लागू देऊ नका.

५. टाकीचं झाकण आणि "राउंड करू का?"

झाकण फिरवताना टकटक आवाज येईपर्यंत फिरलं पाहिजे. आतलं काळं रबर बोटाने चाचपा. चिरलं असेल, एका बाजूला दबून सपाट झालं असेल तर झाकण बदला. ही सगळ्यात स्वस्त दुरुस्ती आहे आणि बऱ्याच जणांचं काम इथेच संपतं.

आता पंपावरची सवय. नोझल आपोआप टक् करून बंद झालं म्हणजे टाकी भरली. त्यानंतर "राउंड करू का साहेब?" असं विचारून पोरगं आणखी पंचवीस-तीस रुपयांचं दाबून दाबून भरतं. आपण मान हलवतो. पण टाकीच्या वरची ती रिकामी जागा चुकून राहिलेली नसते, वाफेला आणि उन्हाने फुगणाऱ्या पेट्रोलला ती लागते. ती भरली की पातळ पेट्रोल वाफेच्या नळीतून कॅनिस्टरमध्ये शिरतं आणि त्यातला कोळसा भिजतो. हा काही माझा एकट्याचा सिद्धांत नाही. २०१४ साली मारुती सुझुकीने स्विफ्ट, डिझायर आणि अर्टिगा मिळून १,०३,३११ गाड्या पेट्रोल भरायच्या नळीसाठी परत बोलावल्या होत्या. कारण हेच दिलं होतं: नोझल थांबल्यानंतरही भरत राहिलं तर वास येऊ शकतो.

पहिल्या टक् ला थांबा म्हणून सांगा. आकडा सातशे त्र्याऐंशी आला तर सातशे त्र्याऐंशीच द्या.

६. गाडीखाली पुठ्ठा

रात्री गाडी सपाट जागेवर लावा आणि चार पुठ्ठे सरकवा: इंजिनखाली, मधोमध, टाकीखाली आणि पेट्रोल भरायच्या बाजूच्या मागच्या चाकाजवळ. सकाळी बघा. पेट्रोल उडून जातं, त्यामुळे ओला डाग मिळेलच असं नाही. पण फिकट कडा असलेली गोल खूण राहते आणि पुठ्ठ्याला वास राहतो. एसीचं पाणी बिनवासाचं असतं, ऑइलचा डाग उडत नाही, कूलंट चिकट आणि गोडसर वासाचं असतं.

टॉर्च घेऊन वाकून पाहताना ओल शोधू नका, धूळ शोधा. पेट्रोल पाझरतं तिथली धूळ एक तर धुऊन निघालेली असते किंवा काळपट थर होऊन चिकटलेली असते. बाकी सगळीकडे लाल माती आणि मधेच एक स्वच्छ ओघळ, तो ओघळ वर जिथून सुरू होतो तिथे दोष असतो.

एक सूचना जीव तोडून सांगतो: फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका. नुसतं वाकून दिसेल तेवढंच बघा, बाकीचं गॅरेजच्या लिफ्टवर.

सेकंडहँड गाडी घेतली असेल तर ही पायरी दोनदा करा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात आपल्या भागातल्या कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या होत्या. आतून धुऊन, सीट बदलून त्या विकल्या जातात, पण टाकीचे पत्रे, पट्ट्या आणि पेट्रोलचे लोखंडी पाईप यांचा गंज तसाच खात राहतो. टाकीवरची पट्टी आणि पाईपच्या क्लिपा यांच्याखालचा गंज वरून दिसत नाही. तिथे बोटाने पापुद्रा सुटतोय का ते पाहायला सांगा.

७. मागची सीट आणि बॉनेट

बऱ्याच पेट्रोल गाड्यांमध्ये पंप टाकीच्या आत असतो आणि त्याचं तोंड मागच्या सीटखाली. सीटचा खालचा भाग पुढून वर ओढला की निघतो. त्याखाली पत्र्याचं किंवा रबराचं गोल झाकण असतं. ते झाकण उचलून फक्त नाक जवळ न्या आणि टॉर्चने बघा. पंपाच्या वर्तुळाकार रिंगभोवती माती ओलसर दिसली किंवा वास एकदम भपकन आला, तर दोष सापडला. इथे थांबा. ती मोठी रिंग पाना-हातोडीने स्वतः फिरवू नका. टाकी त्या क्षणी उघडी पडते, आणि लोखंडावर लोखंड आपटलं की ठिणगी पडते. पंपाचा प्लगही तिथे ओढू नका.

आमच्या गाडीत नेमकं हेच निघालं. रिंगखालचं रबरी सील कडक होऊन एका बाजूला चिरलं होतं. टाकी भरली की पेट्रोल तिथपर्यंत चढायचं आणि वाफ थेट मागच्या सीटवर, आईच्या नाकाशी. पुढे एसीच्या झोतात बसून मला ती येणार तरी कशी? सीलची किंमत दोनशेच्या आत होती, मजुरी सहाशे.

रबर एवढं का खराब झालं, तर एक कारण वय. माझी गाडी २०१२ ची. दुसरं कारण म्हणून मिस्त्रींनी इथेनॉलचं नाव घेतलं. २०२२ च्या जूनमध्ये देशात पेट्रोलमध्ये सरासरी १० टक्के इथेनॉलचं प्रमाण गाठलं गेलं, २०२३ पासून २० टक्क्यांचं पेट्रोल यायला लागलं आणि आता बहुतेक पंपांवर तेच मिळतं. आपल्या जिल्ह्यातल्या उसाचाच तो माल, शेतकऱ्याला त्याचे पैसे मिळतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांचं रबर आणि प्लास्टिक त्या हिशोबाने घेतलेलं असतं, माझ्यासारख्या जुन्या गाडीचं नसतं. इथेनॉल हवेतली ओल धरून ठेवतं आणि जुन्या जातीचं रबर त्यात फुगतं किंवा तडकतं. म्हणून दहा वर्षांवरची गाडी असेल तर पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि सील वर्षातून एकदा मुद्दाम बघायला सांगा.

आता बॉनेट. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल साधारण ३ ते ४ बार दाबाने धावतं, म्हणजे टायरमधल्या हवेपेक्षाही जास्त. गाडी बंद केल्यावरही तो दाब बराच वेळ टिकतो. नळी ओढून बघण्याचा मोह झाला तर पिचकारी डोळ्यांत येईल. हात न लावता बघायचं: टाकीकडून येणारी नळी, तिचे जोड, इंजेक्टरच्या मुळाशी ओल किंवा पिवळट-तपकिरी डाग. टिशूची सुरळी जोडाखाली हलकेच टेकवा आणि लांब नेऊन वास घ्या. दुसऱ्या कुणाला चावी फक्त 'ऑन'पर्यंत फिरवायला सांगा, पंप दोन सेकंद गुणगुणतो आणि दाब चढतो. तेव्हा एखाद्या जोडावर मोती धरला तर लगेच चावी बंद.

उंदरांकडे विशेष लक्ष द्या. ऊसतोड सुरू झाली की रानातले उंदीर वस्तीकडे सरकतात, आणि रात्रीची गरम इंजिनं त्यांना आवडतात. उचगाव-सरनोबतवाडीकडे शेताला लागून गाडी लावणाऱ्या दोन मित्रांच्या पेट्रोलच्या नळ्या कुरतडलेल्या मी पाहिल्या आहेत. लेंड्या, कापसाचे गोळे, कुरतडलेली वायर दिसली की नळीची पूर्ण लांबी तपासल्याशिवाय गाडी चालू करू नका.

कार्ब्युरेटरची, म्हणजे इंजेक्शन येण्याआधीची जुनी गाडी असेल तर पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई अडकून पेट्रोल वरून वाहतं, तो वेगळा आणि ओळखीचा आजार. जुना मिस्त्री तो उभ्या उभ्या बघेल.

कॅनिस्टर म्हणजे कोळशाच्या दाण्यांचा डबा. टाकीतली वाफ तो शोषतो आणि इंजिन चालू असताना पर्ज व्हॉल्व्ह ती इंजिनकडे सोडतो. तो भिजला किंवा व्हॉल्व्ह अडकला तर टाकी भरल्यावर गाडी उशिरा स्टार्ट होते आणि वास येतो. दोन्ही खुणा एकत्र असतील तर कॅनिस्टर आधी बघायला सांगा.

शेवटी डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) काढून हुंगा. ऑइलला पेट्रोलचा वास असेल आणि पातळी वाढलेली असेल तर इंजेक्टर गळतोय किंवा मिश्रण रिच (पेट्रोल जास्त, हवा कमी) चाललंय. अशा ऑइलवर गाडी पळवली की इंजिन झिजतं. ऑइल बदलायचंच, पण कारण काढल्यावर.

८. गॅरेजमध्ये काय बोलायचं

जाण्यापूर्वी कंपनीच्या वेबसाइटवर चेसिस नंबर टाकून गाडी रिकॉलमध्ये, म्हणजे कंपनीने दुरुस्तीसाठी परत बोलावलेल्या गाड्यांत आहे का ते बघा. वर २०१४ चं उदाहरण दिलंच, २०१९ मध्ये वॅगनआरच्या ४०,६१८ गाड्या पेट्रोलची नळी धातूच्या क्लॅम्पला घासते का ते तपासण्यासाठी बोलावल्या होत्या. रिकॉलचं काम फुकट असतं. सेकंडहँड गाडीच्या पहिल्या मालकाकडे पत्र गेलेलं असतं आणि आपल्याला पत्ताच नसतो.

गॅरेजमध्ये वही पुढे करा आणि एकच मागणी करा: "आधी गळती दाखवा, मग काम करू." ओली जागा, चिरलेलं सील, काहीतरी डोळ्यांना दिसलं पाहिजे. नुसत्या अंदाजावर इंजेक्टर साफ करणं, थ्रॉटल बॉडी साफ करणं याला नाही म्हणा. स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड वाचणारं यंत्र) लावत असतील तर लावू द्या. पी ०४५५ म्हणजे वाफेच्या यंत्रणेत मोठी गळती, पी ०४४२ म्हणजे बारीक, पी ०१७२ म्हणजे मिश्रण रिच. पण कोड आला नाही म्हणून गळती नाही असं समजू नका. माझ्या गाडीत एकही कोड नव्हता.

इथल्या काही सापळ्यांची नावं घेऊन सांगतो.

साबण. टाकीच्या चिरेवर अंघोळीचा साबण घासला की पाझर थांबतो हे खरं आहे, पेट्रोलमध्ये साबण विरघळत नाही. पण तो पावसाच्या पाण्यात विरघळतो. घाटात अडकलात तर टोइंगची वाट बघण्यापुरता तो उपाय. एम-सीलचंही तेच. दुरुस्ती म्हणून कोणी ते लावत असेल तर गाडी परत घ्या.

वेल्डिंग. टाकी काढून "रिकामीच आहे, मारतो टाका" असं कोणी म्हणालं तर तिथून लांब व्हा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते, कारण आत पेट्रोल कमी आणि वाफ-हवेचं मिश्रण जास्त. हे काम वाफ पूर्ण काढून, जाणत्या माणसानेच करायचं. शक्यतो टाकी बदला.

नळी. मोटरसायकलच्या कार्ब्युरेटरला लागणारी मऊ नळी इंजेक्शनच्या दाबाला टिकत नाही. फ्युएल इंजेक्शनसाठीचीच, इथेनॉल चालणारी नळी मागा आणि तिच्यावर छापलेलं स्वतः वाचा. दातेरी क्लिप रबर कापते, त्याऐवजी गुळगुळीत कडेची क्लिप घ्या. मीटरवर कापून मिळणारी स्वस्त नळी बघून हात शिवशिवतो, पण इथे शंभर रुपये वाचवू नका.

काढलेला जुना पार्ट परत मागा आणि बिलावर पार्टचं नाव लिहून घ्या. पंप एकदा उघडला की सील नवीनच टाकायचं. जुनं सील पुसून परत बसवलं तर दोन महिन्यांत तुम्ही पुन्हा तिथेच उभे.

९. काम झाल्यावर

पैसे देण्यापूर्वी गाडी दहा मिनिटं चालू ठेवून जोडावर टिशू टेकवा. मग आठ दिवस हे करा: काचा उघड्या ठेवून जुना वास जाऊ द्या, सीटखालचा फोम आणि गालिचा उन्हात टाका. पुठ्ठे पुन्हा रात्री सरकवा. त्यानंतर पहिल्या टक् पर्यंत टाकी भरा आणि ज्या रस्त्यावर वास आला होता त्याच रस्त्यावर, ज्याला वास आला होता त्याच माणसाला त्याच जागी बसवून एक फेरी मारा.

आम्ही पुन्हा जोतिबाला गेलो. केर्ली गेली, चढ लागला, मी दोनदा मागे विचारलं. आई म्हणाली, "आता फक्त गुलालाचा वास येतोय, गाडी नीट चालव."